उशाशीं बसलेलें माणूस

थोर पुरुषांचीं चरित्रें वाचतांना एक गोष्ट वारंवार आमच्या ध्यानांत येते. चरित्रनायकाचें शेवटचें दुखणें जवळ आलें म्हणजे चरित्रकाराची लेखणी एकाएकीं घाईला येते. विद्याभ्यास, नोकरी, वादविवाद, सभा, ग्रंथ यांना पन्नास पन्नास पानें देणारा लेखक आजाराला अर्धें पान देतो. आणि त्या अर्ध्या पानांत डॉक्टरांचीं नांवें, तारांची आवकजावक व स्मशानयात्रेचा जनसमुदाय एवढेंच सांपडतें. रात्रीं दोन वाजतां उठून पाणी कोणी गरम केलें, पथ्याचें जेवण कोणी रांधलें, भेटीस आलेल्या शंभरांपैकीं नव्वदांना दारांतूनच गोड बोलून कोणी परत लावलें, मुलांच्या फीची मुदत कोणी ध्यानांत ठेवली, हें इतिहासाच्या खात्यावर चढत नाहीं. आम्ही स्वतः अठ्ठावीस वर्षें कॉलेजांत इतिहास शिकवीत आहों, आणि इतक्या वर्षांत हें अर्धें पान आम्हांस कधीं खटकलें नव्हतें. तें खटकावयास आम्हांसच खाटेवर पडावें लागलें.

दोन वर्षांमागें, फेब्रुवारी महिन्यांत, पहाटे साडेतीनच्या सुमारास आमच्या छातींत कळ आली. आम्ही धाराशिवास राहतों. येथें २०२२ पासून सरकारी वैद्यकीय महाविद्यालय निघालें आहे. तथापि आमच्या ओळखीपाळखीचीं माणसें अशा वेळीं अद्यापि सोलापूर अगर लातूर गांठतात, व आम्हांसहि तिकडेच नेलें. सोलापूर सुमारें ७० किलोमीटर; वाटेंत तुळजापूरचा घाट. रुग्णवाहिकेंत आमची पत्नी उशाशीं बसली होती. घाटांत गाडी वळतांना तिनें देवीच्या दिशेनें हात जोडले कीं नाहीं हें आम्हांस सांगतां यावयाचें नाहीं. फोनवर ती मुलीस काय सांगत होती तें मात्र नीट ऐकूं आलें. गॅसवर दूध आहे तें उतूं जाऊं देऊं नकोस, आजीची रक्तदाबाची गोळी फडताळांत डाव्या बाजूस आहे, आणि प्रवेशपत्र आतांच दप्तरांत घालून ठेव. मुलगी बारावीस होती, व त्या दिवशीं तिचा इंग्रजीचा पेपर होता.

हृदयाच्या एका नळींत जाळी बसवून डॉक्टरांनीं चौथ्या दिवशीं आम्हांस घरीं पाठविलें. घरीं बारावीची मुलगी, आठवीचा मुलगा, अठ्ठ्याहत्तर वर्षांची आई, आणि आतां चौथें लेंकरूं म्हणून आम्ही. पत्नी जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेंत शिक्षिका आहे; तिची रजा पंधरा दिवसांत संपली. दवाखान्यांतून मिळालेल्या कागदावर गोळ्यांचीं नांवें, मिठाचें प्रमाण, चालण्याचीं मिनिटें, सगळें होतें. मीठ कमी घालून पांच माणसांचा दोन प्रकारचा स्वयंपाक कोण करणार, आणि चालतांना सोबत कोण असणार, हें त्या कागदावर नव्हतें. तें गृहीत धरलेलें होतें.

त्या दिवसांत वाचावयास म्हणून आम्हीं जीं दोन-चार पुस्तकें जवळ ठेवलीं होतीं, त्यांत रमाबाई रानडे यांचें ‘आमच्या आयुष्यांतील कांहीं आठवणी’ हें पुस्तक होतें. १९१० सालीं तें प्रसिद्ध झालें, आणि त्यास गोपाळ कृष्ण गोखले यांची प्रस्तावना आहे. हें पुस्तक आम्हीं पूर्वीं तीनदां तरी वाचलें असेल. वर्गांत त्याचा उपयोग केला असेल तो स्त्रीशिक्षणाच्या चळवळीचें साधन म्हणून, अगर पंचहौद मिशनच्या चहाच्या प्रकरणापायीं. १८९० सालीं पुण्यांत मिशनऱ्यांकडे कांहीं मंडळी चहा प्याली, त्यावरून ग्रामण्य उभें राहिलें व पुढें रानड्यांनीं प्रायश्चित्त घेतलें, हें प्रकरण परीक्षेस हटकून येतें. यंदां मात्र आम्ही तें पुस्तक शेवटाकडून वाचूं लागलों. त्याचा शेवट न्यायमूर्तींच्या अखेरच्या आजारानें होतो, आणि तो आजार हृदयाचा होता.

येथें कांहीं तारखा सांगणें अवश्य आहे. महादेव गोविंद रानडे यांचा जन्म १८ जानेवारी १८४२ रोजीं निफाडास झाला. प्रथम पत्नी १८७३ सालीं वारल्यावर त्याच वर्षाच्या अखेरीस वडिलांच्या आग्रहामुळें त्यांचें दुसरें लग्न झालें. वधू देवराष्ट्र्याच्या कुर्लेकरांची, अकरा वर्षांची, अक्षरशत्रु. विधवाविवाहाचा पुरस्कर्ता स्वतः मात्र कुमारिकेशीं लग्न लावतो, म्हणून त्यांच्यावर त्या वेळीं टीकेची झोड उठली, व ती सर्वस्वीं अन्यायाची होती असें आम्ही म्हणणार नाहीं. पण त्या मुलीस त्यांनीं शिकविलें. घरांतल्या वडील बायकांचा जाच सोसून ती शिकली. १८९३ सालीं काशिनाथ त्रिंबक तेलंग वारल्यावर त्यांच्या जागीं रानडे मुंबईच्या हायकोर्टांत न्यायाधीश झाले व बिऱ्हाड पुण्याहून मुंबईस हललें. १६ जानेवारी १९०१ रोजीं रात्रीं, एकुणसाठावें वर्ष पुरें होण्यास दोन दिवस उरले असतां, त्यांचें हृदय थांबलें. रमाबाईंस एकुणचाळीस पुरीं होण्यास नऊ दिवस होते.

या जोडप्यास स्वतःचें अपत्य राहिलें नाहीं. यावरून त्यांचा संसार लहान होता असें कोणी समजूं नये. सावत्र सासू, विधवा नणंद, दीर, नात्यांतलीं मुलें, सतत येणारेजाणारे पाहुणे आणि देशाच्या चारी कोपऱ्यांतून सल्ल्यास येणारे सार्वजनिक कार्यकर्ते, असें तें घर होतें. शिवाय न्यायमूर्तींची दृष्टि अधू. वाचून दाखविणारें व लिहून घेणारें माणूस त्यांना नेहमीं लागे, आणि रमाबाईंस लिहावयास-वाचावयास शिकविण्याचें एक फळ असें झालें कीं, स्वयंपाकघराच्या कामांत पत्नीपणाच्या या नव्या कामाची भर पडली. सुधारकांच्या घरांतील स्त्रीशिक्षणाचा हा हिशेब आमच्या इतिहासग्रंथांत क्वचितच मांडलेला असतो. विद्या मिळाली, पण तिच्याबरोबर जुनें ओझें कांहीं उतरलें नाहीं. पोळपाट तसाच राहिला आणि वर वर्तमानपत्र आलें.

१९०० साल हें रानड्यांच्या आयुष्यांतील मोठ्या कामाचें साल. मराठ्यांच्या सत्तेच्या उत्कर्षावरचा त्यांचा इंग्रजी ग्रंथ त्याच वर्षीं बाहेर पडला. देशावर छप्पन्नच्या दुष्काळाचें सावट होतें, मुंबईंत प्लेग संपला नव्हता. आणि त्याच वर्षीं त्यांच्या छातींतल्या कळा वाढत गेल्या. १८८७ पासून सामाजिक परिषद म्हणजे रानडे असें समीकरण होतें. डिसेंबरांत ती लाहोरास भरावयाची होती. डॉक्टरांनीं जाण्यास बंदी केली. रानड्यांचें काम पाहण्यास गोखले गेले आणि रानडे मुंबईंत राहिले. चरित्रकार येथें नायकाच्या मनाचें दुःख वर्णन करतात, व तें योग्यच आहे. परंतु ज्यानें आयुष्यभर कामापुढें देह मोजला नाहीं अशा मनुष्याला घरीं बसविणें हें ज्या व्यक्तीच्या वांट्यास आलें तिचें काय? ‘जाऊं नका’ असें डॉक्टर म्हणतो आणि निघून जातो. तें पुढें दिवसांतून दहा वेळां म्हणण्याचें काम बायकोचें. आम्ही हें अनुभवानें सांगतों. कारण उत्तरपत्रिका तपासण्यास घेऊं द्या म्हणून आम्हींहि एक दिवस घरांत तोंड सोडलें होतें, आणि तेव्हां डॉक्टर सत्तर किलोमीटरांवर होते.

त्या काळच्या वैद्यकापाशीं या रोगावर काय होतें? नांव होतें. विल्यम हेबर्डन या इंग्रज वैद्यानें छातींतील या कळेचें वर्णन १७६८ सालींच करून ठेवलें होतें. डिजिटॅलिस होतें, १८६७ पासून अमिल नायट्राइट हुंगविण्याची आणि १८७९ पासून नायट्रोग्लिसरिन देण्याची रीत होती, व त्यानें कळ घटकाभर हटे. आपल्याकडील वैद्य अर्जुनाची साल दुधांत उकळून देत. रक्तवाहिनींत गुठळी अडकून माणूस जगूंहि शकतो, आणि तसें जिवंतपणीं ओळखतां येतें, हें शिकागोच्या जेम्स हेरिक यांनीं मांडलें तें १९१२ सालीं. हृदयाचा विद्युत् आलेख काढण्याचें आइंथोव्हेन यांचें यंत्र पुढें आलें तें १९०३ च्या सुमारास. म्हणजे रानड्यांच्या उशाशीं जो डॉक्टर बसे त्याच्या हातीं नाडी, कान आणि धीर यांपलीकडे फारसें कांहीं नव्हतें. राहिलेलें सगळें शुश्रूषेवर. आणि शुश्रूषा म्हणजे त्या काळीं घरची बाई.

धाराशिवांत कोणास तें दुखणें १९०१ सालीं झालें असतें तर? हा प्रश्न आम्हांस पडला, कारण आम्ही येथले. तेव्हां हा मुलूख निजामाचा. जिल्ह्याचें ठाणें नळदुर्गास होतें, तें १९०४ सालीं धाराशिवास आलें, आणि गांवास उस्मानाबाद हें नांवहि निजाम उस्मान अली खान यांच्यावरून त्यानंतरच पडलें. बार्शी लाईट रेल्वेची छोटी गाडी १८९७ सालीं बार्शीपर्यंत पोंचली होती. लातुराकडे ती सरकत सरकत १९११ सालीं गेली. तेव्हां बैलगाडींत आडवें घालून बार्शी, तेथून छोट्या गाडीनें मोठ्या लोहमार्गापर्यंत, आणि पुढें सोलापूर किंवा पुणें. छातींतल्या कळेस इतका धीर नसतो. माणूस घरींच राही. ओसरीवर बाज टाकीत, आणि बाजेशीं जी बसे तिनें आठवणी लिहिल्या नाहींत, कारण तिला कोणी लिहावयास शिकविलें नव्हतें. रमाबाईंच्या पुस्तकाचें मोल आम्हांस यासाठींहि मोठें वाटतें.

रमाबाईंच्या पुस्तकाच्या नांवांतला ‘आमच्या’ हा शब्द पाहावा. आम्ही मासिकांत लिहिणारे लोक ‘आम्ही’ लिहितों तेव्हां तो एकच मनुष्य असतो, आणि पुष्कळदां तो थोडा फुगलेला असतो. बाईंचें ‘आमच्या’ खरोखरच दोघांचें आहे. एरवीं घरांतल्या वडीलधाऱ्यांच्या व जगाच्या हिशेबीं तें आयुष्य ‘त्यांचें’ होतें. बाईंनीं त्यांत आपलें निम्में नांव घातलें, तेंहि इतक्या सहजपणें कीं, वाचणाराला कळूं नये. त्या पुस्तकांतील आंब्याची गोष्ट पुष्कळांस ठाऊक असेल. आंबे आले, बाईंनीं चिरून दिले, न्यायमूर्तींनीं एक-दोन फोडी खाऊन ताट दूर केलें, आणि विचारल्यावर जिभेस आवर घालण्याविषयीं सांगितलें. शाळेंत ही गोष्ट संयमाचा धडा म्हणून शिकवितात. आम्हांस यंदां त्यांत दुसरेंच दिसलें. नवऱ्यानें दोन फोडी कमी खाल्ल्या हें जिच्या लक्षांत आलें, तिचें लक्ष दिवसभर कोठें असे?

परंतु रमाबाईंस पतिव्रता म्हणून नमस्कार करावा आणि मोकळें व्हावें, ही जी आपली जुनी सोय आहे तिच्याशीं आमचें भांडण आहे. नमस्कार केला म्हणजे हिशेब करावा लागत नाहीं. सेवा हा स्वभाव ठरला कीं ती श्रमांत मोजली जात नाहीं. मग तिला झोप लागते, तिचे गुडघे दुखतात, तिला भीति वाटते, याची नोंद करण्याचें कारण उरत नाहीं.

या बाबतींत गोखल्यांचा एक प्रसंग आठवतो. १८९७ सालीं वेल्बी कमिशनपुढें साक्ष देण्यासाठीं ते विलायतेस चालले असतां कॅले येथें पडले व छातीस जबर इजा झाली; हृदयास धक्का बसला. बरोबर दिनशा वाच्छा होते. संकोचामुळें गोखल्यांनीं कांहीं दिवस दुखणें अंगावर काढलें, आणि लंडनांत अंथरूण धरल्यावर त्यांची शुश्रूषा मिसेस काँग्रीव्ह नांवाच्या एका इंग्रज बाईनें केली. परक्या बाईनें केलेली ही शुश्रूषा चरित्रकारांनीं आवर्जून नोंदविली आहे. घरच्या बाईनें केली असती तर ती कोणीं नोंदविली असती, याची आम्हांस शंकाच आहे. १९१५ च्या फेब्रुवारींत गोखले वारले ते वयाच्या एकुणपन्नासाव्या वर्षीं.

आतां पुढचा इतिहास थोडक्यांत सांगतों, कारण तो आमच्या विषयाचा कणा आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत हृदयाचा झटका येऊन वांचलेल्या माणसास चार ते सहा आठवडे उताणें निजवून ठेवीत. कूस बदलावयाची तीहि दुसऱ्यानें, घांस भरवावयाचा तोहि दुसऱ्यानें. जेथें इस्पितळें होतीं तेथें हें काम परिचारिकांकडे गेलें. बॉस्टनच्या सॅम्युअल लेव्हिन आणि बर्नार्ड लाऊन यांनीं १९५२ सालीं असें दाखविलें कीं, रोग्यास लवकर उठवून आरामखुर्चींत बसविल्यास तो अधिक बरा होतो. त्यानंतर तीनच वर्षांनीं, २४ सप्टेंबर १९५५ रोजीं, अमेरिकेचे अध्यक्ष आयसेनहॉवर यांना डेन्व्हर येथें झटका आला. त्यांचे डॉक्टर पॉल डडले व्हाइट यांनीं सगळ्या राष्ट्रास पत्रकारांमार्फत रोगाची शिकवणी दिली; अध्यक्ष सुमारें सात आठवडे इस्पितळांत राहिले, हळूहळू चालूं लागले, आणि पुढच्या वर्षीं निवडणूकहि जिंकले. हृदयाचा रोगी पुन्हां कामावर येऊं शकतो हें जगानें तेव्हां पाहिलें. त्यांच्या पत्नी मेमी त्याच इस्पितळांत मुक्कामास राहिल्या, आणि लोकांकडून येणाऱ्या पत्रांच्या ढिगास उत्तरें देत बसल्या. राष्ट्राध्यक्षाच्या बायकोसहि हें चुकलें नाहीं. १९७७ सालीं झूरिकमध्यें ग्रुन्ट्झिग यांनीं फुगा घालून रक्तवाहिनी उघडली, १९८६ पासून जाळी बसूं लागली, आणि दोन महिन्यांचें दुखणें दवाखान्याच्या दृष्टीनें तीन-चार दिवसांवर आलें.

दवाखान्याच्या दृष्टीनें, असें आम्हीं मुद्दाम म्हटलें. कारण दुखणें लहान झालें तें खाटेचें. उरलेले दिवस कोठें गेले? ते घरीं आले. रानड्यांच्या वेळीं जें ओझें पूर्णपणें घरावर होतें, तें पन्नास-साठ वर्षें कांहीं अंशीं इस्पितळानें उचललें, आणि आतां रोगी चौथ्या दिवशीं पिशवीभर गोळ्यांसह दारांत उतरतो तेव्हां तें पुन्हां त्याच उंबऱ्याशीं ठेवलें जातें. वैद्यकाची प्रगति आम्ही नाकारीत नाहीं; तिच्यामुळेंच हें लिहावयास आम्ही उरलों. परंतु प्रगतीच्या या कथेंत बायकोच्या कामाचा आलेख काढला तर तो खालीं उतरलेला दिसत नाहीं. आणि १९०० सालच्या बायकोस शाळेंत जाऊन चाळीस मुलांची हजेरी घ्यावयाची नव्हती.

आमच्या शेजारच्या खाटेवर वाशी तालुक्यांतील एक ऊसतोड कामगार होता. वय चाळिशीच्या आंतलें. त्याच्यावरील उपचार सरकारच्या जीवनदायी योजनेंतून झाले. ही योजना २०१३ च्या नोव्हेंबरांत सगळ्या राज्यास लागू झाली व २०१७ पासून तिला महात्मा जोतिराव फुले यांचें नांव आहे. तिच्यामुळें त्याच्या जाळीस पैसा पडला नाहीं. जी योजना आम्ही पूर्वीं कागदावरची म्हणून थट्टेवारी नेत होतों, तिनें एक माणूस आमच्या डोळ्यांदेखत जगविला. पण आमच्या जिल्ह्यांतून आणि बीडकडून जीं माणसें दरसाल कारखान्यांवर जातात त्यांची गणती माणशी होत नाहीं, ‘कोयत्या’वर होते. एक कोयता म्हणजे नवरा आणि बायको मिळून एक. मुकादमाकडून उचल घेतलेली असते ती त्या जोडीवर. नवरा तोडतो, बायको मोळ्या बांधून डोक्यावरून गाडीपर्यंत नेते. एकजण बसला कीं कोयता मोडला. काम चुकलेल्या दिवसाचा खाडा धरतात, आणि उचल अंगावर राहते.

त्याची बायको रात्रीं आमच्या पत्नीशेजारीं वऱ्हांड्यांत सतरंजीवर निजे. डॉक्टरांनीं तिला सांगितलें कीं, यांनीं आतां जड काम करावयाचें नाहीं. ती ‘बरं’ म्हणाली. मग बाहेर येऊन तिनें आमच्या पत्नीस विचारलें, “बाई, जड म्हंजी किती?” आमच्या पत्नीस उत्तर देतां आलें नाहीं. आम्हांसहि अद्यापि देतां आलेलें नाहीं. तिचीं दोन मुलें फडावरच्या कोपींत तिच्या जावेजवळ होतीं, आणि सकाळीं ती कोणाच्या तरी फोनवरून त्यांच्याशीं बोले, तेव्हां बापाचें नांव न काढतां, जेवला का एवढेंच विचारी.

न्यायमूर्तींच्या घरांतील बाई, मास्तरीण आणि कोयत्यांतली बाई, या तिघींस एका ओळींत बसवूं नये, हें आम्हांस कळतें. एकीजवळ नोकरचाकर होते, दुसरीस पगारी रजा होती, तिसरीस खाडा होता. इतिहासकारानें हे फरक पुसले तर तो इतिहासकार कसला! पण तिघींच्या रात्रीं सारख्याच तऱ्हेनें फुटल्या होत्या: दर तासास उठून श्वास चालला आहे ना हें पाहणें. आमच्या पत्नीनें हें काम दीड महिना केलें, असें आम्हांस फार मागाहून कळलें. आम्हांस गाढ झोप लागे.

रानडे गेल्यानंतर रमाबाई मुंबई सोडून पुण्यास आल्या. कांहीं काळ त्यांनीं घराबाहेर पाऊल टाकलें नाहीं. पुढें त्या तुरुंगांतील स्त्रियांस भेटूं लागल्या. आणि मलबारी व दयाराम गिडुमल यांनीं १९०८ सालीं मुंबईंत काढलेल्या सेवासदनाच्या धर्तीवर १९०९ सालीं पुण्यांत सेवासदन उभें राहिलें, त्यास गोपाळराव देवधर यांचें साहाय्य होतें. या संस्थेच्या अनेक कामांपैकीं एक काम असें कीं, तिनें ब्राह्मणांच्या व इतर पांढरपेशा घरांतील विधवांस ससून इस्पितळांत परिचारिकांचें शिक्षण घेण्यास धाडलें. त्या काळीं हें काम हलकें, विटाळाचें, आणि परपुरुषास हात लावावयाचा म्हणून निंद्य समजलें जाई. बाईंवर टीका झाली, त्यांनीं ती ऐकून घेतली, मुलींसाठीं वसतिगृह काढलें, आणि मुली पाठविणें चालूं ठेवलें.

रमाबाईंच्या चरित्राचे लेखक या कामाचा उगम वैधव्यांत आणि समाजसेवेच्या तळमळींत शोधतात. आमचें मत थोडें निराळें आहे. जिनें छातीच्या कळेशेजारीं रात्रीं काढल्या होत्या, तिला हें पुरेपूर ठाऊक असलें पाहिजे कीं, उशाशीं बसणें ही नुसती मायेची गोष्ट नव्हे. त्यास ज्ञान लागतें, हात लागतो, डोळा लागतो. आणि जें काम ज्ञानाचें आहे तें शिकवितां येतें, त्याचें प्रमाणपत्र देतां येतें, त्याबद्दल पगार देतां येतो. घरांत ज्याला पतिसेवा म्हणत त्याला ससूनमध्यें वेतन मिळूं लागलें, ही महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासांतील साधी घटना नाहीं. रमाबाईंनीं हा दुवा स्वतः असा जोडला होता असा आमचा दावा नाहीं. आम्ही तो जोडतों आहों, आणि तो जोडण्यास खाटेवरच्या बेचाळीस दिवसांचा फुरसतीचा वेळ कारण झाला, हेंहि कबूल करतों. बाई १९२४ सालीं वारल्या, तेव्हां त्यांच्या हाताखालून बाहेर पडलेल्या परिचारिका ठिकठिकाणच्या दवाखान्यांत कामावर होत्या.

आमच्या दुखण्याचीं साधनें मागाहून आमच्या हातीं लागलीं तीं सांगून हा लेख पुरा करतों. साधनें म्हणजे एक दोनशे पानी वही. मुलाच्या जुन्या भूगोलाच्या वहीचीं उरलेलीं पानें. पत्नीनें त्यांत रोज रकाने आंखले होते. औषधाची वेळ, रक्तदाब, किती पावलें, लघवी, कोण भेटून गेलें, दूधवाल्याची बाकी, मुलीचा पुढचा पेपर, आईचे डोळ्यांचे थेंब, मुलास गणितांत किती. एके ठिकाणीं ‘यांनीं भाजी परत केली, मीठ नाही म्हणून’ अशी नोंद आहे, आणि तिच्यापुढें कांहीं नाहीं. अशी दफ्तरें आम्हांस पेशव्यांच्या कारकुनांचीं मिळालीं तर आम्ही त्यांवर प्रबंध लिहितों.

मार्चच्या पानांवर रक्तदाबाच्या आंकड्यांखालीं पेन्सिलीनें लिहिलेली दुसरी एक ओळ दिसली. आंकडे आमच्याहून मोठे होते. एका दिवशीं १७० आणि १०४. आमचे इतके कधींच नव्हते हें आम्हांस आठवत होतें, म्हणून आम्हीं विचारलें.

“ते माझे आहेत,” पत्नी म्हणाली. “तुमचं यंत्र काढलेलंच असायचं, म्हणून मग माझंही बघायची.”

“मग तेव्हांच सांगितलें कां नाहीं?”

“सांगून काय होणार होतं? तुम्ही उठून बसला असता, आणि मला दोघांना निजवावं लागलं असतं.”

त्याच आठवड्यांत आम्ही तिला डॉक्टरकडे घेऊन गेलों. आतां तिलाहि सकाळीं एक गोळी असते. वहींत पेन्सिलीच्या ओळीचा शाईचा रकाना झाला आहे, व तो भरण्याचें काम आम्हीं आपल्याकडे मागून घेतलें आहे. मागच्या मंगळवारीं कॉलेजांत परीक्षेची बैठक होती म्हणून तें आमच्याकडून राहिलें. रात्रीं वही उघडली तों रकाना तिच्या अक्षरांत भरलेला होता.